राहुरीला डोकं, कायगावला धड: अहिल्यानगरची पिढ्यान्‌पिढ्यांची 'फॅन थिअरी' आणि तिच्यात लपलेला ड्रॅगन

हॅरी पॉटरच्या पहिल्याच पुस्तकात एक प्रसंग आहे. हॉगवर्ट्सला नव्याने आलेली पोरं ग्रिफिंडॉरच्या खोल्यांकडे निघतात. वाटेत एका जाड्या बाईचं चित्र टांगलेलं असतं. ती पासवर्ड विचारते. उत्तर मिळतं, 'कॅपुट ड्रॅकोनिस'. आणि दार उघडतं.

लॅटिनमधल्या या दोन शब्दांचा अर्थ होतो ड्रॅगनचं डोकं. वाचणाऱ्याला वाटतं, जादूची शाळा म्हटल्यावर ड्रॅगन येणारच. पण हे नाव लेखिकेने स्वतःच्या मनाने तयार केलेलं नाही. युरोपातले ज्योतिषी कित्येक शतकं आकाशातल्या एका जागेला याच नावाने ओळखत होते.

त्या जागेचं आपल्याकडचं नाव आहे राहू.

हो, तोच राहू. ज्याचं डोकं उडालं आणि ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरीत येऊन पडलं, असं तिकडचे लोक सांगत आलेत.

आता गेम ऑफ थ्रोन्सच्या ड्रॅगनवर रात्र-रात्र थिअऱ्या वाचणाऱ्यांना कदाचित माहीत नसेल, पण मूळ कथेत सुटलेली जागा हेरायची, इकडचे-तिकडचे धागे जोडायचे आणि आपली थिअरी उभी करायची, हा उद्योग प्रवरा नदीच्या काठावर इंटरनेट यायच्या खूप आधीपासून चालू आहे. ती थिअरी नेमकी काय आहे, तिच्यात भोकं कुठे आहेत आणि तिच्यातला ड्रॅगन खरा आहे का, हे बघूया.

आधी फॅन थिअरी म्हणजे काय ते समजून घ्या

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचं पहिलं पुस्तक 1996 साली आलं, पाचवं 2011 साली. सहाव्याची वाट वाचक अजून बघतायत. एवढा मोठा वेळ हातात असल्यावर लोक गप्प बसतील का?

या पुस्तकांमध्ये पुरातन जादूबद्दल फार थोडं सांगितलंय. व्हॅलिरिया नावाचं ड्रॅगनस्वारांचं साम्राज्य एका दिवसात बुडालं, हे कळतं. का बुडालं, हे स्पष्ट कळत नाही. पहिल्या पुस्तकात डेनेरिसची एक दासी तिला गोष्ट सांगते की, पूर्वी आकाशात दोन चंद्र होते. त्यातला एक सूर्याच्या फार जवळ गेला, अंड्यासारखा फुटला आणि त्यातून हजारो ड्रॅगन बाहेर पडले. दुसऱ्या दासी हसतात आणि विषय संपतो.

पण चाहत्यांसाठी तो विषय तिथेच सुरू होतो. दुसऱ्या पुस्तकात आकाशात लाल धूमकेतू दिसतो. त्या जगात हजारो वर्षांपूर्वी न संपणारी रात्र होऊन गेलेली असते. मग चाहत्यांमधला एक गट म्हणतो, दासीची गोष्ट खरीच होती. धूमकेतू दुसऱ्या चंद्रावर आदळला, त्याचे जळते तुकडे म्हणजेच ते ड्रॅगन, आणि त्या धुराळ्याने सूर्य झाकला म्हणून ती लांब रात्र झाली. मार्टिन यांनी असं कुठेही लिहिलेलं नाही. पण धागे जुळतात, आणि जुळले की मजा येते.

कधीकधी थिअरी खरीही निघते. जॉन स्नोचे खरे आई-वडील कोण, याचा अंदाज चाहत्यांनी नव्वदच्या दशकातच बांधला होता. टीव्ही मालिकेने त्यावर शिक्का मारला तो 2016 साली.

थोडक्यात, फॅन थिअरीला तीन गोष्टी लागतात. मूळ कथेत सुटलेली एक जागा, विखुरलेले पुरावे आणि ते जोडणारं एखादं डोकं. चाहते मूळ कथेला 'कॅनन' म्हणतात, म्हणजे लेखकाने अधिकृतपणे सांगितलेलं. थिअरी त्याच्याबाहेरची.

आता हाच हिशेब घेऊन अहिल्यानगरला या.

समुद्रमंथनाचं कॅनन काय सांगतं?

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. देव आणि दैत्यांनी मिळून समुद्र घुसळला. अमृत निघालं. विष्णूने मोहिनीचं रूप घेऊन ते अमृत देवांना वाटलं. एक दानव देवाचं रूप घेऊन पंगतीत बसला. सूर्य आणि चंद्राने चुगली केली. विष्णूने चक्राने त्याचं डोकं उडवलं. पण अमृत तोवर गळ्यापर्यंत पोचलेलं होतं. त्यामुळे डोकं अमर झालं आणि त्या चुगलीचा राग धरून ते आजही सूर्य-चंद्राला गिळतं. गळा कापलेला असल्यामुळे गिळलेलं बाहेर येतं. हेच ग्रहण.

ही कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. तिथे आणखी एक तपशील सापडतो. डोकं गर्जना करत आकाशात गेलं, आणि धड जमिनीवर कोसळलं. इतकं जोरात की पृथ्वी हादरली.

धड पडलं. पण कुठे पडलं? गावाचं नाव काही दिलेलं नाही.

सापडली ना सुटलेली जागा?

नगर जिल्ह्याने ती जागा कशी भरली

प्रवरा नदी अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तिथून भंडारदरा, अकोले, संगमनेर करत ती नेवाशाला येते आणि पुढे प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते. या नदीचं दुसरं नाव अमृतवाहिनी. संगमनेरच्या अमृतवाहिनी इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये शिकलेल्यांना हे नाव नव्याने सांगायची गरज नाही.

आता लोककथेतली मांडणी बघा.

अमृताची पंगत बसली ती नेवाशात. म्हणून नेवाशात मोहिनीराजाचं देऊळ आहे. मोहिनीचं रूप घेतलेल्या विष्णूचं हे मंदिर अठराव्या शतकात होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलं.

राहूचं डोकं उडालं ते राहुरीत पडलं. म्हणून गावाचं नाव राहुरी.

धड, म्हणजे काया, पडली गोदावरीपलीकडे. म्हणून त्या गावाचं नाव कायगाव. हे गाव आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या गंगापूर तालुक्यात येतं. प्रवरासंगमहून पूल ओलांडला की आलंच.

आणि कापलेल्या गळ्यातून जे अमृत सांडलं, त्याची नदी झाली. म्हणून प्रवरा ही अमृतवाहिनी.

चार जागा, चार नावं आणि एक कथा. सगळं एकमेकांत अडकणारं. छत्रपती संभाजीनगरहून नगरला जाणाऱ्या एसटीत बसलात, तर गोदावरीवरच्या एका पुलापाशी तुम्ही राहूची काया ओलांडून अमृताच्या काठाला लागता. एवढी घट्ट थिअरी आजही क्वचितच कुणाला जमते.

पण भोकं आहेतच

कुठलीही थिअरी आली की चाहत्यांमधला एक जण हमखास उठतो आणि म्हणतो, थांबा, हे पटत नाही. त्याची बाजूही ऐकून घेऊ.

पहिलं भोक. महाभारतात डोकं आकाशात जातं, जमिनीवर फक्त धड पडतं. मग राहुरीत काय पडलं? आणि डोकं राहुरीत पडून राहिलं असेल, तर वर चंद्राला गिळतंय कोण?

दुसरं भोक. गळा कापला नेवाशात, तिथे अमृत सांडून नदी झाली. पण प्रवरा नेवाशात उगम पावत नाही. ती सह्याद्रीतून वाहत वाहत नेवाशाला येते. सांडलेलं अमृत चढावर कसं गेलं? उगमाजवळ रतनवाडीला जे प्राचीन मंदिर आहे, त्याचंही नाव अमृतेश्वर, हा धागा जुळतो. पण नदीची दिशा काही जुळत नाही. शिवाय राहुरी गाव प्रवरेवर नसून मुळा नदीवर आहे.

तिसरं भोक सगळ्यात महत्त्वाचं. नावासारखं नाव असणं हा पुरावा होत नाही.

भाषेचे अभ्यासक याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. एखाद्या गावाचं नाव जुनं असतं, त्याचा मूळ अर्थ विसरला जातो. मग त्या नावासारखा ओळखीचा शब्द शोधून लोक गोष्ट तयार करतात. गोष्टीवरून नाव पडलं की नावावरून गोष्ट रचली गेली, हे नुसतं नाव बघून ठरत नाही. त्यासाठी जुने ताम्रपट, शिलालेख, दस्तऐवज यांत ते नाव कसं लिहिलं जायचं, हे तपासावं लागतं.

नावाचा पक्का पुरावा कसा दिसतो, हे बघायलाही जिल्ह्याबाहेर जायला नको. मलिक अहमदने 1490 साली शहर वसवलं आणि त्याच्या नावावरून ते अहमदनगर झालं, हे इतिहासात नोंदलेलं आहे. 2024 साली सरकारने जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर केलं, कारण अहिल्यादेवी होळकरांचा जन्म याच जिल्ह्यातल्या चोंडीचा. त्याचे सरकारी आदेश आहेत, तारखा आहेत. पाचशे वर्षांनी कुणी विचारलं तरी गोष्ट रचावी लागणार नाही.

याचा अर्थ प्रवराकाठी पुरातन काही नाहीच का?

उलट आहे. गोष्टीत आहे त्यापेक्षा जास्त आहे.

नेवाशात संत ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 साली ज्ञानेश्वरी पूर्ण केली. पण नेवासं त्याहून कितीतरी जुनं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली 1954 ते 1956 या काळात इथे उत्खनन झालं. वरच्या थरात मध्ययुग, त्याखाली सातवाहन काळ, त्याखाली ताम्रपाषाण काळातली वस्ती आणि त्याहीखाली अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं. एकाच गावात माणसाच्या एवढ्या मोठ्या प्रवासाची पानं एकाखाली एक लागलेली सापडली.

प्रवरेच्याच काठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथे 1974 साली एका गावकऱ्याला खोदताना चार धातूच्या वस्तू मिळाल्या. बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चारही भरीव, वजनदार आणि बघत राहावं असं काम. पुढे तिथे मोठं उत्खननही झालं.

या वस्तू नेमक्या कुठल्या काळातल्या, यावर तज्ज्ञांचे आजही वाद आहेत. काही जण त्यांना उत्तर हडप्पा काळाशी जोडतात, काहींना ते मान्य नाही. पण त्यांचा वाद धातूत काय मिसळलंय, मातीच्या कुठल्या थरात काय सापडलं, यावर चालतो. म्हणजे थिअऱ्या तिथेही आहेत. फरक एवढाच की, उद्या नवा पुरावा आला तर त्यांना माघार घ्यावी लागते.

राहू आधी राहू नव्हताच

फँटसीच्या जगात 'रेटकॉन' नावाचा एक प्रकार असतो. जुन्या गोष्टीतल्या पात्राला नंतरच्या भागात नवी ओळख चिकटवायची आणि जणू पहिल्यापासून असंच होतं असं दाखवायचं.

राहूच्या बाबतीत हेच झालेलं दिसतं. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात सूर्याला अंधाराने झाकणारा एक असुर आहे, पण त्याचं नाव स्वर्भानु. तिथे समुद्रमंथन नाही, चुगली नाही, कापलेलं डोकं नाही. अत्री ऋषी सूर्याला अंधारातून सोडवतात. पुढे राहूची कथा लोकप्रिय झाली आणि स्वर्भानु हे राहूचंच जुनं नाव ठरलं.

केतूचं प्रकरण तर आणखी मजेशीर. केतू या शब्दाचा जुना अर्थ तेजाची खूण किंवा ध्वज. शेपटीच्या ताऱ्याला आपण आजही धूमकेतू म्हणतो ते त्यामुळेच. राहूचं धड म्हणजे केतू, ही जोडणी नंतरची. जुन्या मूर्तिशिल्पांत ग्रहांच्या रांगेत आठच जण दिसतात. नववा केतू मागाहून येऊन बसला. आला तो बऱ्याचदा सापाची शेपटी घेऊन.

डोकं एकीकडे आणि सापाची शेपटी दुसरीकडे. आता या दोन्हींना जोडून एक प्राणी डोळ्यांसमोर आणा.

आणि इथे ड्रॅगन येतो

चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. मग दर पौर्णिमेला पृथ्वीची सावली चंद्रावर का पडत नाही? दर अमावस्येला चंद्र सूर्याच्या आड का येत नाही?

कारण चंद्राची वाट थोडी तिरकी आहे. सूर्य आकाशात ज्या वाटेने जाताना दिसतो, तिच्याशी चंद्राची वाट साधारण 5 अंशांचा कोन करते. दोन गोल कड्या एकमेकींत जराशा तिरक्या अडकवा. त्या फक्त दोनच ठिकाणी एकमेकींना छेदतील. ही दोन छेदनस्थानं म्हणजे राहू आणि केतू. चंद्र खालून वर येताना जिथे छेदतो तो राहू, वरून खाली जाताना जिथे छेदतो तो केतू.

पौर्णिमा किंवा अमावस्या या जागांच्या जवळ झाली तर ग्रहण. नाहीतर सावली वरून किंवा खालून निघून जाते.

पश्चिम आशियातल्या आणि नंतर युरोपातल्या ज्योतिषांनी कल्पना केली, की आकाशात एक प्रचंड ड्रॅगन पसरलेला आहे. एका छेदनस्थानी त्याचं डोकं, दुसऱ्या ठिकाणी शेपटी. लॅटिनमध्ये डोक्याला म्हटलं 'कॅपुट ड्रॅकोनिस' आणि शेपटीला 'कॉडा ड्रॅकोनिस'. म्हणजे आपला राहू आणि आपला केतू. हॉगवर्ट्सचा तो पासवर्ड इथून आला.

हा ड्रॅगन विज्ञानातून अजूनही गेलेला नाही. चंद्र एका छेदनस्थानापासून निघून परत त्याच ठिकाणी यायला सुमारे 27.21 दिवस घेतो. खगोलशास्त्रात या काळाला आजही 'ड्रॅकोनिक महिना' म्हणतात, म्हणजे ड्रॅगनचा महिना.

घाबरवणारा राहू आणि वेळ पाळणारा राहू

राहू-केतू एका जागी थांबत नाहीत. ते उलट्या दिशेने सरकत असतात आणि सुमारे 18.6 वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. पंचांगात राहू एका राशीत साधारण दीड वर्ष असतो आणि कायम वक्री दाखवलेला असतो, त्याचं गणित हे आहे. हे दोन बिंदू समोरासमोर असल्यामुळे सूर्य साधारण दर 173 दिवसांनी त्यांपैकी एकाच्या जवळ पोचतो. ग्रहणं त्याच सुमारास होतात.

शिवाय ग्रहणं 18 वर्षं आणि 10-11 दिवसांच्या चक्राने परत येतात. 28 ऑगस्ट 2007 ला खग्रास चंद्रग्रहण झालं. त्याच चक्रातलं पुढचं ग्रहण झालं 7 सप्टेंबर 2025 ला. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या रात्री 11 ते सव्वाबाराच्या पुढपर्यंत लालसर चंद्राचे फोटो तुमच्या फीडमध्ये आले होते, तेच ते ग्रहण.

आता खरा प्रश्न. रागावलेला राक्षस अशी वेळ पाळेल का?

हा प्रश्न आजच्या कुणा शहाण्याने काढलेला नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत तो विचारलाय. राहू देहधारी असेल आणि वाटेल तेव्हा फिरत असेल, तर त्याची जागा गणिताने कशी काढता येते, असा त्याचा मुद्दा होता. त्याच्याही आधी इसवी सन 499 च्या सुमारास आर्यभटाने सरळ लिहिलं होतं, की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली झाकते.

पण मामला इतका सोपा नव्हता. वराहमिहिरानेच पुढे, ग्रहणकाळी राहूला दानाचा वाटा मिळतो असं सांगून परंपरेशी तडजोड केली. सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्ताने तर कमालच केली. ग्रहणाचं गणित सावलीवरूनच केलं आणि राहू न मानणाऱ्यांवर टीकाही केली. अकराव्या शतकात भारतावर ग्रंथ लिहिणारा अल बिरूनी याला हे वाचून नवल वाटलं. सॉक्रेटिससारखी आपली गत होऊ नये म्हणून ब्रह्मगुप्ताने असं लिहिलं असावं, अशी शंका त्याने बोलून दाखवली.

म्हणजे गणित एक सांगतंय आणि घरचे-दारचे दुसरं सांगतायत, ही अडचण आपल्या पिढीची नाही. ती दीड हजार वर्षं जुनी आहे.

मग ग्रहणाच्या रात्री काय करायचं?

इथे ही गोष्ट गंमतीपुरती राहत नाही. ग्रहण आलं की आजही कित्येक घरांत गरोदर बाईला तासन्‌तास एका जागी बसवलं जातं. पाणी प्यायचं नाही, खायचं नाही, भाजी चिरायची नाही, बाहेर बघायचं नाही. तिला भूक लागते, चक्कर येते. आणि एवढं करूनही नंतर बाळात काही कमी-जास्त निघालं, तर बोट तिच्याकडेच जातं.

चंद्रग्रहण म्हणजे आपल्याच पृथ्वीची सावली. सूर्य मावळल्यावर रोज रात्री आपण सगळे त्याच सावलीत असतो. ती चंद्रावर पडली म्हणून पोटातल्या बाळाला काही होत नाही. उपाशी आणि तहानलेलं राहिल्याचा त्रास मात्र आईला नक्की होऊ शकतो. चंद्रग्रहण साध्या डोळ्यांनी बघायलाही काही धोका नाही.

सूर्यग्रहणाला मात्र एक धोका खरा आहे, आणि तो राहूचा नाही, सूर्याचा आहे. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघितलं तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. काळा गॉगल, एक्स-रेची फिल्म, पाण्यातलं प्रतिबिंब यावर विसंबू नका. प्रमाणित सौर चष्माच वापरा. तो नसेल तर पुठ्ठ्याला बारीक भोक पाडा आणि त्यातून भिंतीवर पडणारी सूर्याची प्रतिमा बघा.

थिअरी ठेवायची की टाकायची?

राहुरीची गोष्ट खोटी म्हणून टाकून द्यायची गरज नाही. जॉन स्नो खोटा आहे म्हणून कुणी पुस्तक फेकत नाही. या कथेने तीन गावं आणि एक नदी एका दोऱ्यात ओवली. आकाशातल्या एका अवघड गोष्टीला पत्ता दिला. आजीला पंचांगातलं गणित येत नसेल, पण नातवाला राहूची गोष्ट सांगता आली.

गडबड होते ती थिअरीला कॅनन समजलं की. 'राहुरी नावच सांगतंय की समुद्रमंथन इथेच झालं, विज्ञानाने सिद्ध केलंय' असा फॉरवर्ड आला, तर तीन प्रश्न विचारा. मूळ ग्रंथात असं खरंच आहे का? नावाच्या साधर्म्यापलीकडे पुरावा काय? आणि या थिअरीवरून पुढे काय घडेल ते आधी सांगता येतं का?

तिसऱ्या प्रश्नावर राक्षस राहू नापास होतो आणि गणितातला राहू पास होतो.

पुढची परीक्षा जाहीर झालेली आहे. 2 ऑगस्ट 2027 ला इजिप्तमधल्या लक्सरमध्ये सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकला जाईल. त्या दिवशी दुपार उतरल्यावर महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसेल. ऑगस्ट महिना आहे, त्यामुळे राहूपेक्षा ढगांचीच भीती जास्त. पण आभाळ मोकळं मिळालं, तर राहुरीत असा नाहीतर कायगावात, सौर चष्मा घालून पश्चिमेकडे बघा. सूर्याचा एक तुकडा गायब झालेला दिसेल. ड्रॅगन दिसणार नाही, पण त्याचा पत्ता आता तुम्हाला माहीत आहे.